पाइनची फळी घेताना: दिसण्याची प्रत आणि कुठली फळी कुठे लावायची

मुंबईत रे रोडच्या वखारीत 'पाइन दाखवा' म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, 'कशासाठी पाहिजे?' ज्याच्याकडे याचं नेमकं उत्तर नसतं, तो बहुतेक वेळा कपाटाच्या आतल्या कप्प्यासाठी महागडी बिनगाठीची फळी घेऊन येतो, नाहीतर दर्शनी दारासाठी गाठींनी भरलेली स्वस्त. पाइन, स्प्रूस, फर, हेमलॉक, देवदार अशा सूचिपर्णी झाडांच्या फळ्या पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सागवानाची सवय असलेल्यांनीही वाचावा, कारण सागाचा भाव रंग, रेषा आणि कच्च्या-पक्क्या भागावर ठरतो, तर पाइनचा भाव मुख्यतः गाठींवर.

पायरी १: फळी दिसणार आहे की वजन पेलणार आहे?

सूचिपर्णी लाकडाची प्रत दोन वेगळ्या हेतूंनी ठरते. पहिली दिसण्याची: गाठी किती, केवढ्या, राळ आहे का, डाग आहेत का. दुसरी ताकदीची: तुळई किंवा वासा म्हणून आडवं टाकलं तर किती भार सोसेल. युरोपातून येणाऱ्या मालावर सी१६, सी२४ असे शिक्के दिसतात, ते ताकदीचे. त्या शिक्क्याची फळी सुंदर असेलच असं नाही, आणि सुंदर फळी मजबूत असेलच असंही नाही. रुंद बाजूच्या मधोमध असलेली गाठ डोळ्यात भरते, पण तुळईच्या खालच्या कडेला आलेली तेवढीच गाठ जास्त घातक असते, कारण ताण तिथेच सर्वांत जास्त येतो. त्यामुळे माणूस चढेल असा माळा, छपराचे वासे, मंचाचे आधार यांसाठी दिसण्याच्या प्रतीवर जाऊ नका; ताकदीचा शिक्का मागा. इथून पुढचं सगळं दिसण्याच्या प्रतीबद्दल आहे.

पायरी २: कामाचे तुकडे पाडा

'एक बुककेस' ही मागणी वखारीत नेऊ नका. कागदावर प्रत्येक तुकडा लिहा: लांबी, रुंदी, जाडी, नग, आणि पुढे एक अक्षर. दोन्ही बाजू दिसणार असतील तर 'द', एकच दिसणार असेल तर 'ए', रंगाखाली जाणार असेल तर 'र', कुठेच दिसणार नसेल तर 'ल' म्हणजे लपलेला. नव्वद टक्के गोंधळ या एका अक्षराने मिटतो. कपाटाचं दार 'द', बाजूची फळी बहुतेक वेळा 'ए', सोफ्याचा सांगाडा आणि भिंतीमागच्या पट्ट्या 'ल'.

याचबरोबर सर्वांत लांब बिनगाठीचा तुकडा किती इंचांचा लागणार आहे तेही लिहून ठेवा. प्रत निवडताना हा आकडा फार कामाला येतो. का, ते पुढे येईल.

पायरी ३: गाठ वाचा

गाठ म्हणजे फांदीचा खोडात गाडला गेलेला भाग. झाड वाढत असताना फांदी जिवंत होती का मेलेली, यावर गाठीचा स्वभाव ठरतो.

जिवंत फांदीची गाठ आजूबाजूच्या लाकडाशी एकजीव असते. तिचा रंग लालसर तपकिरी, आणि रेषा तिला वळसा घालून जातात. ती पडत नाही. अशा गाठींची फळी पॅनेलिंगला छान दिसते. लोक मुद्दाम मागून घेतात.

मेलेल्या फांदीभोवती लाकूड वाढत गेलं की फांदीची साल आतच अडकते. मग गाठीभोवती काळी कडी दिसते. ही कडी पूर्ण गोल असेल तर गाठ आज ना उद्या सुटणार हे धरून चाला. लाकूड वाळताना गाठ आणि भोवतालचं लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात आखडतं, त्यामुळे पक्की वाटणारी गाठही दोन-चार महिन्यांनी हलू लागते. ओळखायचं कसं? अंगठ्याने मागच्या बाजूने दाबा, मग पुढून बोटाच्या पेराने ठोका. पक्की गाठ भोवतालच्या लाकडासारखाच आवाज देते, सुटी गाठ बद्द वाजते. स्प्रूस आणि फर यांत अशा काळ्या कडीच्या गाठी जास्त सापडतात.

तिसरा प्रकार लांबट गाठीचा. फांदी उभी चिरली गेली की गाठ गोल न दिसता पाचरीसारखी कडेपर्यंत जाते. दिसायला विचित्र, आणि अरुंद पट्टीत आली तर पट्टी तिथेच मोडते. बीडिंग किंवा चौकटीच्या पट्ट्यांसाठी ही फळी घेऊ नका, प्रत कितीही चांगली सांगितली तरी.

आकाराचं माप अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नियमांत असं आहे: अर्ध्या इंचापर्यंत टाचणीगाठ, पाऊण इंचापर्यंत लहान, दीड इंचापर्यंत मध्यम, त्यापुढे मोठी. मापताना गाठीचा लांब आणि आखूड व्यास घेऊन सरासरी काढा.

आता न्यूझीलंडच्या रेडिएटा पाइनबद्दल एक गोष्ट, कारण आपल्या बाजारात ते भरपूर येतं. या झाडाला फांद्या एकेका पातळीवर झुपक्याने फुटतात. म्हणून फळीवर गाठीही पुंजक्यात येतात आणि दोन पुंजक्यांच्या मध्ये स्वच्छ लाकूड असतं. टेप लावून हे अंतर मोजा. ते अठरा इंच असेल आणि तुमचा सर्वांत लांब 'द' तुकडा पंधरा इंचांचा असेल, तर बिनगाठीच्या फळीचे पैसे देण्याचं कारणच उरत नाही. मध्यम प्रतीची फळी घ्या, पुंजके कापून टाका, स्वच्छ तुकडे वापरा. ड्रॉवरचे दर्शनी भाग, लहान शटरच्या चौकटी, फोटोफ्रेम, देव्हाऱ्याचे खांब असं बरंचसं काम यात बसतं. पूर्ण बिनगाठीचं रेडिएटा येतं ते छाटणी केलेल्या झाडांच्या खालच्या ओंडक्यातून. झाड लहान असतानाच खालच्या सुमारे सहा मीटरपर्यंतच्या फांद्या कापतात, मग त्यावर वर्षानुवर्षं स्वच्छ लाकूड चढतं. एवढी मेहनत असल्यामुळे ते महाग.

पायरी ४: गाठींशिवाय काय बघायचं

राळेची पिशवी. फळीत लांबट, चपटी फट दिसते आणि आत चिकट किंवा खडबडीत राळ असते. पॉलिशखाली ती फुटून बाहेर येते, विशेषतः खिडकीजवळच्या किंवा स्टुडिओ दिव्यांजवळच्या फर्निचरवर. भट्टीत सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलेल्या मालातली राळ बरीचशी बसून जाते, म्हणून भट्टीचं तापमान विचारावं. सांगता आलं नाही तर फळी हाताने चोळून बघा.

निळा डाग. सालीकडच्या कच्च्या भागात बुरशी शिरली की निळसर-करड्या रेघा उमटतात. फळीच्या टोकाकडून पाहिलं तर पाचरीच्या आकारात. ही बुरशी लाकडातली साखर खाते, तंतू खात नाही, म्हणून ताकदीला म्हणण्यासारखा धक्का लागत नाही. पण डाग पॉलिशमधून दिसतो आणि रंधा मारून जात नाही, कारण तो खोल असतो. 'घासलं की जाईल' असं वखारीत सांगितलं तर ऐकू नका. रंगाखाली चालेल, आणि त्याबद्दल भाव पाडून मागा. मात्र डागाच्या जागी सुरीचं टोक टोचून पाहा. लाकूड मऊ पडून तुकडे निघाले तर ती कूज आहे. ती फळी कुठल्याच भावात नको.

गाभा. झाडाच्या अगदी मधला पेन्सिलीएवढा मऊ तंतू फळीत आला असेल तर त्या ओळीने तडा जाण्याची शक्यता दाट. गाभा असलेली रुंद फळी घेऊच नका. घेतलीच तर मधून चिरून दोन अरुंद पट्ट्या करा.

दाबाचं लाकूड. कललेल्या झाडाच्या खालच्या अंगाला हे तयार होतं. फळीवर गडद, निस्तेज, लालसर पट्टे दिसतात आणि टोकाच्या वर्तुळांत एका बाजूची वर्तुळं फार रुंद असतात. साधं लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही; हे आखडतं. म्हणून आज सरळ दिसणारी फळी महिन्याभरात धनुष्यासारखी होते. प्रतवारीच्या शिक्क्यावर विसंबणारे इथे हमखास फसतात.

बाकी कडेला राहिलेली साल, रंध्याने खरवडलेली रेषा, रंधा न लागलेला खडबडीत पट्टा, ब्लेडने जळालेली काळी खूण, टोकांच्या चिरा: हे सगळं डोळ्यांना दिसतं. टोकाची चीर आत किती गेली आहे ते मात्र मोजा. ती लांबी हिशेबातून वजा करायची असते.

पायरी ५: प्रतींची नावं समजून घ्या

जगभर एक प्रतवारी नाही. माल ज्या देशातून आला त्या देशाची नावं त्याबरोबर येतात, आणि वखारीत येईपर्यंत त्यांचं 'फर्स्ट', 'सेकंड', 'ए', 'एबी' होतं. म्हणून मूळ देश आणि मूळ प्रत दोन्ही विचारा.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या फळ्यांत वरचा गट सिलेक्ट. त्यात 'बी अँड बेटर', मग 'सी सिलेक्ट', मग 'डी सिलेक्ट'. बी अँड बेटर जवळजवळ निर्दोष; सीमध्ये एखादी टाचणीगाठ किंवा किरकोळ डाग; डीमध्ये एक बाजू चांगली, मागची तडजोडीची. त्याखाली कॉमन गट, क्रमांक १ ते ५. आकडा वाढला की प्रत उतरते. १ आणि २ कॉमनमध्ये गाठी पक्क्या असतात, ३ मध्ये मोठ्या आणि काही सुट्या, ४ मध्ये भोकंही चालतात, ५ म्हणजे हाताळताना तुटत नाही एवढीच खात्री असलेली फळी. बाजारात १ बहुधा सुटा मिळत नाही, '२ अँड बेटर' या नावाखाली एकत्र येतो. अशा गठ्ठ्यातून चांगल्या फळ्या निवडून घेऊ देणारा दुकानदार भेटला तर त्याला धरून राहा.

याशिवाय शॉप प्रत. ही गंमतीची आहे. इथे अख्ख्या फळीचं सौंदर्य मोजत नाहीत. दारं-खिडक्यांच्या मापाचे स्वच्छ तुकडे फळीच्या किती भागातून निघतील ते मोजतात. न्यूझीलंडच्या कटिंग प्रतीमागेही हाच विचार. तुम्ही तुकड्यांची यादी बरोबर नेली असेल तर ही प्रत सर्वांत किफायती. अखंड लांब फळी हवी असेल तर निरुपयोगी.

न्यूझीलंडचे प्रतवारीचे नियम एनझेडएस ३६३१ या १९८८ सालच्या मानकात आहेत. वरून खाली: क्लिअर, कटिंग, ड्रेसिंग, मर्चंटेबल, बॉक्स. ड्रेसिंगमध्ये पक्क्या गाठी असतात आणि रंधा मारल्यावर पृष्ठभाग चांगला येतो. बॉक्स म्हणजे खोकी आणि पॅलेटचा माल.

स्वीडन-फिनलंडच्या जुन्या पद्धतीत रोमन आकडे एक ते सहा. पहिले चार एकत्र करून 'अनसॉर्टेड' नावाने विकतात. नाव ऐकून नवखा माणूस नाक मुरडतो आणि 'फिफ्थ' घेऊन जातो. प्रत्यक्षात अनसॉर्टेड हीच वरची प्रत. १९९४ च्या नॉर्डिक नियमांनी याच्या जागी ए, बी, सी, डी आणले, आणि एमध्ये ए१ ते ए४ असे पोटभाग. ढोबळमानाने ए म्हणजे अनसॉर्टेड, बी म्हणजे फिफ्थ, सी म्हणजे सिक्स्थ.

युरोपच्या ईएन १६११-१ मानकात 'जी२-०' ते 'जी२-४' आणि 'जी४-०' ते 'जी४-४' अशा प्रती असतात. पहिला आकडा किती बाजू तपासल्या ते सांगतो: दोन रुंद बाजू की कडांसकट चारही. दुसरा आकडा प्रत; शून्य सर्वांत वरची. 'द' तुकड्यांची कडही उघडी राहणार असेल, जसं की शेल्फच्या फळीची पुढची धार, तर जी४ चा माल मागा. दोनच बाजू तपासलेल्या मालात कडेच्या दोषाबद्दल तक्रार करता येत नाही.

आपल्याकडच्या देवदार, कैल आणि चीड (शेवटचे दोन हिमालयातले पाइन) यांच्या बाबतीत वखारीत नजरेनेच प्रत ठरते. देवदाराचं पक्कं लाकूड टिकाऊ असतं, पण त्यातलं तेल पॉलिश नीट बसू देत नाही, आणि वास तीव्र असतो. धान्याच्या कोठीला किंवा मसाल्याच्या कपाटाला ते लावू नका.

फिंगर जॉइंट करून चिकटवलेले पाइन बोर्ड आठ बाय चारच्या शीटमध्ये मिळतात. त्यांवर 'ए/ए', 'ए/बी', 'बी/सी' अशी दोन अक्षरं असतात: पहिलं पुढच्या बाजूचं, दुसरं मागच्या. भिंतीला लागून जाणाऱ्या बाजूसाठी ए/ए घेणं म्हणजे पैसे फुकट घालवणं.

पायरी ६: कुठल्या कामाला कुठली प्रत

पॉलिश केलेली दारं, टेबलाचा वरचा भाग, ब्लॉकबोर्डच्या कडेला लावायच्या लिपिंग पट्ट्या, बीडिंग: सी सिलेक्ट आणि वर, किंवा क्लिअर. लिपिंगमध्ये एक गाठ आली की पट्टी वळताना तुटते, त्यामुळे इथे हात आखडता घेऊ नका. त्यातून लागणारं लाकूडही थोडंच असतं.

ऑइल पेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग देणार असाल तर डी सिलेक्ट किंवा ड्रेसिंग पुरे. खाली बिनगाठीचं लाकूड आहे हे रंगावरून कुणाला कळत नाही. फक्त गाठींतून राळ झिरपते, तिचा बंदोबस्त शेवटी दिला आहे.

भिंतीची गाठाळ पॅनेलिंग, मुलांच्या खोलीतले उघडे शेल्फ, कॅफेतली टेबलं: २ कॉमन किंवा नॉर्डिक बी. पक्क्या, मध्यम आकाराच्या, फळीभर सारख्या पसरलेल्या गाठी शोधा. एका टोकाला गर्दी आणि दुसरीकडे कोरी अशी फळी भिंतीवर डागासारखी दिसते.

सोफ्याचा सांगाडा, दिवाणाच्या आतल्या पट्ट्या, नाटक-सिनेमाच्या सेटची चौकट, गणपतीच्या मखरामागचा आधार: ३ कॉमन. स्क्रू जिथे जाणार तिथे गाठ नको, एवढंच बघा. क्रेट, पॅकिंग आणि सेंट्रिंगच्या फळ्या ४ किंवा बॉक्स प्रतीच्या.

जुन्या पॅलेटची फळी स्वस्त मिळते आणि तिच्यापासून बरंच फर्निचर बनतं. शिक्का बघा: 'एचटी' असेल तर लाकूड अगदी आतपर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं आहे, 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. घरात एमबी नको. शिक्काच नसेल तरीही नको.

बाथरूमबाहेरचा कट्टा, उघडी बाल्कनी, कुंड्यांची मांडणी इथे प्रत कितीही वरची घेतली तरी उपयोग नाही. पाइनचा सालीकडचा भाग बुरशी आणि वाळवीला लवकर बळी पडतो, आणि बिनगाठीच्या फळीत हाच भाग सर्वांत जास्त असतो. दाबाखाली औषध मुरवलेला माल मागा. बोरॉनचं औषध पावसात धुऊन जातं, ते आतल्या कामापुरतंच ठीक.

पायरी ७: वखारीत

टेप, खडू, गुण्या, दोन पिनांचा ओलावामापक आणि फोनचा टॉर्च सोबत ठेवा. क्रम असा.

प्रत सांगितल्यावर गठ्ठ्याच्या वरच्या फळ्या बघून निर्णय घेऊ नका. मधून पाच-सहा काढायला लावा. हमालांना त्याचे पैसे द्यावे लागले तर द्या.

प्रत्येक फळीचं एक टोक डोळ्यापाशी धरून लांबीवर नजर टाका. आधी रुंद बाजूचा बाक, मग कडेचा, मग पीळ. बाक थोडा असेल तर फळी आखूड तुकड्यांत कापल्यावर निघून जातो. कडेचा बाक चिरून काढता येतो, पण रुंदी जाते. पीळ असलेली फळी सरळ बाजूला ठेवा, पीळ काढताना जाडीच संपते.

टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. रंध्याच्या लाटा, खरवडलेली रेषा, भरलेली पुट्टी या सगळ्या सावल्यांनी उघड्या पडतात. वखारीतल्या वरच्या दिव्यात त्या कधीच दिसत नाहीत.

ओलावा मापताना पिना टोकापासून निदान एक फूट आत टोचा. टोक आधी वाळतं, तिथला आकडा फसवतो. घरातल्या फर्निचरसाठी १० ते १४ टक्के चांगलं. १८ च्या वर असेल तर फळी वाळताना हलणारच. २० च्या वर निळी बुरशीही लागू शकते.

मागची बाजू उलटून बघा. अमेरिकी फळ्यांची प्रत चांगल्या बाजूवरून ठरते, मागची बाजू खालच्या दर्जाची असू शकते. 'द' तुकड्यांसाठी निवडलेल्या फळ्यांवर खडूने खूण करा आणि टेम्पोत चढवताना त्याच चढतायत ना ते पाहा.

लांबी ठरवताना तुमच्या इमारतीचा जिना आठवा. बारा फुटी फळी जुन्या चाळीच्या वळणाच्या जिन्यात अडकते आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये आठ फुटीही बहुधा मावत नाही. वखारीतच जाड मापाने कापून घ्या, प्रत्येक तुकड्याला दोन इंच जास्त ठेवून.

पायरी ८: हिशेब

घनफूट काढायची रीत: लांबी फुटांत, गुणिले रुंदी इंचांत, गुणिले जाडी इंचांत, भागिले १४४. आठ फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे ४८ भागिले १४४, ०.३३ घनफूट.

आता मेख. अमेरिकी मापाची 'एक बाय सहा' फळी रंधा मारल्यावर पाऊण इंच बाय साडेपाच इंच भरते. तिचं खरं माप ०.२३ घनफूट, म्हणजे सुमारे ३१ टक्के कमी. भाव खडबडीत मापावर आहे की रंधा मारलेल्या, हे आधी विचारल्याशिवाय दोन वखारींच्या दरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

एक उदाहरण घेऊ. सहा फूट उंच, अडीच फूट रुंद, दहा इंच खोल बुककेस: दोन बाजू आणि वरची-खालची धरून सहा आडव्या फळ्या. अडीच फूटच का? पाऊण इंच जाडीची पाइनची फळी पुस्तकांच्या वजनाने तेवढ्यापर्यंत सावरते. फुटामागे भार तोच ठेवून लांबी तीन फूट केली की वाक दुप्पट होतो. आठ फुटी फळीतून अडीच फुटांचे तीन तुकडे निघतात, म्हणजे आडव्यांसाठी दोन आणि बाजूंसाठी दोन, एकूण चार फळ्या. दहा इंच रुंदी आणि एक इंच जाडी धरून २.२२ घनफूट.

पण त्या आठ फुटांत जादा उरतात फक्त सहा इंच. फळी कॉमन प्रतीची असेल आणि टोकाला चीर किंवा सुटी गाठ आली तर तिसरा तुकडा निघत नाही. त्यामुळे कॉमनच्या पाच धराव्या लागतात, वरच्या प्रतीच्या चार. याचा अर्थ, वरच्या प्रतीचा दर सव्वापटीच्या आत असेल तर तीच स्वस्त. दुकानदाराचा कुठलाही दर ऐकला की हा भागाकार करून बघा: वाया जाणारं लाकूड धरून कुठल्या प्रतीचे किती नग लागतात, आणि एकूण रक्कम किती होते.

बिलावर जात, मूळ प्रत, माप खडबडीत की रंधलेलं, आणि ओलावा लिहून घ्या. 'पाइन फर्स्ट, ४ नग' एवढ्यावर नंतर कुणी फळी बदलून देत नाही.

पायरी ९: घरी आणल्यावर

फळ्या लगेच कापू नका. ज्या खोलीत फर्निचर राहणार त्याच खोलीत, जमिनीपासून दोन-तीन इंच वर, प्रत्येक थरामध्ये दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक सरळ ओळीत, नाहीतर फळ्या लाटेसारख्या बसतील. वर थोडं वजन ठेवा. दहा ते पंधरा दिवस पुरतात. ताडपत्रीत गुंडाळून गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवलेल्या फळ्या आत घाम धरतात आणि निळ्या पडतात.

मुंबईत हा भाग टाळता येत नाही. पंख्याच्या खोलीतलं लाकूड कोरड्या महिन्यांत साधारण १२ टक्क्यांवर असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये १६-१७ पर्यंत चढतं. एक टक्का ओलाव्यामागे पाइन रुंदीत साधारण पाव टक्का हलतं. आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटर रुंद फळी चार टक्क्यांच्या फरकाने दोन मिलिमीटर फुगते. मेमध्ये चपखल बसवलेला ड्रॉवर गणपतीत उघडत नाही तो यामुळे. उन्हाळ्यात बनवत असाल तर फट जास्त ठेवा. पावसाळ्यात बनवत असाल तर कमी, कारण पुढे ती आपोआप वाढणार आहे. दाराच्या चौकटीत बसवलेलं अखंड पाइनचं पॅनेल डिंकाने चिकटवू नका, खाचेत मोकळं राहू द्या. सोळा इंची पॅनेल चार मिलिमीटर हलतं. चिकटवलं तर ते मधून फाटतं किंवा चौकट उचकटतं. एसीच्या खोलीत लाकूड याहूनही कोरडं होतं, तेव्हा तिथे फळ्या एसी चालू असतानाच मुरवा.

टेबलाच्या वरच्या भागासाठी दहा-बारा इंची अखंड फळ्यांपेक्षा तीन-चार इंची पट्ट्या जोडा. रुंद फळी वाळताना सालीकडच्या बाजूला वाटीसारखी वळते. अरुंद पट्टीत ते वळण हाताला जाणवत नाही.

पायरी १०: पॉलिश आणि रंगाआधी

पाइनवर सरळ स्टेन लावला तर तो डागाळतो. रेषांमधला मऊ भाग रंग जास्त पितो, कडक भाग कमी. आधी पातळ सीलरचा हात द्या, वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, मग स्टेन. त्याच फळीच्या कापून उरलेल्या तुकड्यावर आधी करून बघा. दुसऱ्या फळीवरचा नमुना उपयोगाचा नाही.

गाठींवर रंगाआधी लाखेचे दोन पातळ हात मारा. एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे) रात्रभर विरघळू द्या, गाठीच्या कडेबाहेर अर्धा इंच जाईल असा लावा. वरून पीयू येणार असेल तर मेण काढलेली लाख घ्या, मेण असलेल्या लाखेवर पीयूची पकड बसत नाही आणि पापुद्रे निघतात. सुट्या गाठी आधी मागून पातळ झटपट डिंकाने पक्क्या करा किंवा ठोकून काढून भोक लाकडाच्या गोल ठोकळ्याने भरा. पुट्टी तिथे टिकत नाही. राळेच्या पिशव्या खरवडून, स्पिरिटने पुसून, मग भरा.

पॉलिशचे हात पुढून जितके, तितकेच मागूनही द्या, भिंतीला लागून जाणारी बाजू असली तरी. एकाच बाजूने बंद केलेली फळी दुसऱ्या बाजूने पावसाळाभर ओलावा ओढते आणि बाक धरते.